काखेत फोन, गावाला वळसा: यूएसबी अडॅप्टरनं लॅपटॉप वाय-फायवर आणताना

आत्याचा फोन आला तेव्हा मी जेल रोडवरच होतो. "अरे, ते पंख्यासारखं चिन्ह गेलं. आता नुसता गोल दिसतो, पृथ्वीचा." इंदूरच्या रामबागेत ती हार्मोनियम शिकवते. सकाळी समोर बसलेली चार मुलं, संध्याकाळी लॅपटॉपवर पुण्या-नाशकाची तीन. विंडोजमध्ये वाय-फायचा पंखा जाऊन पृथ्वीचा गोल आला, की समजायचं लॅपटॉप कुठल्याच नेटवर्कला जोडलेला नाही. मी समोरच्या दुकानातून नखाएवढा एक यूएसबी अडॅप्टर, म्हणजे यूएसबीच्या भोकात लावायचं बाहेरचं वाय-फाय कार्ड, उचलला. दुकानदार म्हणाला, "लगा दो भिया, चल जाएगा."

नाही चालला. खोक्यावर लिहिलं होतं, "आधी ड्रायव्हर उतरवून घ्या." ड्रायव्हर, म्हणजे विंडोजकडून अडॅप्टर चालवून घेणारं सॉफ्टवेअर, इंटरनेटवर, आणि इंटरनेट आणायला तोच ड्रायव्हर हवा. सोबत टिकलीएवढी सीडी होती. आत्याच्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. दोन संध्याकाळी वाया गेल्यावर लक्षात आलं की उपाय सगळा वेळ माझ्या खिशात होता. मी उलट्या क्रमानं केलेली कामं इथं सुलट्या क्रमानं मांडतो. मुख्य रस्ता विंडोज १० आणि ११ चा आहे, लिनक्सचं थोडं शेवटाकडे.

बाजारात जायच्या आधी

पैसे खर्च करण्याआधी दहा मिनिटं द्या. किबोर्डच्या वरच्या ओळीत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेलं बटण असतं, ते एकदा दाबून पाहा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं. जुन्या लॅपटॉपच्या कडेला तर वाय-फायची सरकती खटकी असे, आणि पिशवीतून काढता-घालताना ती हमखास सरकायची.

मग स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि नेटवर्क अडॅप्टर्सची फांदी उलगडा. तिथं वायरलेस, वाय-फाय किंवा ८०२.११ असं काही लिहिलेली ओळ शोधा. ओळीवर खाली वळलेला बाण असेल तर कार्ड कुणीतरी बंद केलंय. उजवी क्लिक, एनेबल, काम झालं. पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हरचा घोळ असण्याची शक्यता मोठी. ओळच नसेल तर कार्ड सैल झालंय किंवा मेलंय. अशा वेळी लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. अडकलेलं कार्ड यानं कधी कधी जागं होतं. आत्याचं झालं, दोन दिवस चाललं आणि पुन्हा गेलं. ते गेलंच म्हणायचं.

आतलं कार्ड बदलता येतं का, हा प्रश्न रास्त आहे. बऱ्याच लॅपटॉपांत ते छोट्या खाचेत बसवलेलं असतं आणि दुरुस्तीवाला एक स्क्रू काढून नवं लावतो. अँटेनाच्या दोन बारीक तारा तेवढ्या नीट बसवायच्या. पण काहींत ते मदरबोर्डलाच डाखलेलं असतं, आणि काही जुन्या लॅपटॉपांचं बायोस (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यांत आधी चालणारं सॉफ्टवेअर) ओळखीचं नसलेलं कार्ड स्वीकारत नाही. लॅपटॉप उघडायची तयारी नसेल तर यूएसबी अडॅप्टर हा सरळ रस्ता.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात सांगत नाहीत. राउटर त्याच खोलीत असेल आणि लॅपटॉप एका जागी राहत असेल तर अडॅप्टर घेऊच नका, लॅनची केबल लावा. लॅनचं भोक नसलं तर यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर मिळतो. तारेला भिंत आडवी येत नाही, शेजाऱ्याचं वाय-फायही आड येत नाही. आत्याकडे राउटर पुढच्या खोलीत, शिकवणी मागच्या माजघरात, मध्ये दोन जुन्या जाड भिंती. केबल ओढू म्हटलं तर ती म्हणाली, "उंबऱ्यावरून वायर? मुलं अडखळून पडतील." तो विषय तिथंच संपला.

कोणता घ्यायचा

खोक्यावरचे आकडे वाचायला शिका, कारण ते जरा फुगवलेले असतात. घरच्या वाय-फायच्या लहरींचे नेहमीचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. एन१५० म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झ, कागदावर सेकंदाला १५० मेगाबिट. एसी६०० म्हणजे २.४ वर १५० आणि ५ गिगाहर्ट्झवर ४३३, यांची बेरीज. एसी१२०० म्हणजे ३०० अधिक ८६७. एएक्स१८०० म्हणजे ५७४ अधिक १२०१. अडॅप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर चालतो, म्हणजे बेरजेचा वेग कधीच मिळत नाही. आणि पट्ट्याच्या आकड्यातलाही प्रत्यक्षात निम्मा हाती लागला तर नशीब चांगलं समजा.

मी पहिल्यांदा आणलेला नखाएवढा अडॅप्टर एन१५० होता. रामबागेसारख्या दाट वस्तीत २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे रंगपंचमीच्या गर्दीतला इंदूरचा राजवाडा. कोण कुणाला काय ओरडून सांगतंय ते कळत नाही. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं, म्हणजे पट्ट्यातल्या वाटा, तीनच, १, ६ आणि ११, आणि आत्याच्या माजघरातून मला एकोणीस नेटवर्क दिसली. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी असते. भारतात या पट्ट्याचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये विनापरवाना वापराला मोकळा झाला. त्याची खोड एकच: भिंतीपुढे तो लवकर दमतो. म्हणून दोन्ही पट्टे असलेला, म्हणजे किमान एसी६०० आणि जमलं तर बाहेर अँटेना असलेला एसी१२०० घ्या. नखाएवढ्या अडॅप्टरात अँटेनाही नखाएवढीच मावते. एकच भिंत आड असेल तर तो पुरतो, दोन जाड भिंतींना नाही.

तुमचा राउटर ५ गिगाहर्ट्झ देतो का, हे आधी बघा. देत नसेल तर दोन पट्ट्यांच्या अडॅप्टरचा फायदा अर्धाच. लॅपटॉपला गोल कोपऱ्यांचं टाइप-सी भोकच असेल तर कन्व्हर्टर लागेल. आणि अडॅप्टरबरोबर अर्धा-एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्याच. ती का, ते पुढे येईल.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र खोक्यावर ठळक छापलेलं नसतंच: आत चिप कुणाची. अडॅप्टरवर नाव कुणाचंही असो, आत बहुतेक रिअलटेक नाहीतर मीडियाटेक असते आणि ड्रायव्हर त्या चिपचा लागतो. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत चिप बदलते. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण: पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप, दुसरीपासून रिअलटेकची, नाव तेच. म्हणून अडॅप्टरच्या पोटावर किंवा खोक्यावर व्ही१, व्ही२ असं काही छापलंय का बघा, आणि ड्रायव्हर उतरवताना तीच आवृत्ती निवडा.

फोन हाच पहिला अडॅप्टर

आता ती दोन संध्याकाळींची गोष्ट. अँड्रॉइड फोन डेटा केबलनं लॅपटॉपला जोडा. फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग उघडा, त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा. हा पर्याय फिकट दिसत असेल तर केबल फक्त चार्जिंगची आहे, दुसरी आणा. पाच-दहा सेकंदांत लॅपटॉप ऑनलाइन होतो. विंडोजला फोन हे एक साधं तारेचं नेटवर्क वाटतं आणि त्याचा ड्रायव्हर तिच्यात आधीपासून असतो.

यात एक गंमत आहे. फोन घरच्या वाय-फायला जोडलेला असेल तर टेदरिंगमधून लॅपटॉपला तेच वाय-फाय मिळतं, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. म्हणजे फोन स्वतःच यूएसबी वाय-फाय अडॅप्टर झाला. एखाद्या दिवसाचं काम असेल तर बाजारात जायचीही गरज नाही. आत्याचे दोन क्लास मी असेच निभावले. फक्त मधेच फोन आला की तिचा हात भात्यावरून सुटायचा. आयफोन असेल तर विंडोजवर अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर आधी लागतं, त्यामुळे शेजाऱ्याचा अँड्रॉइड मागून आणणं सोपं.

ही चाचणी निदानाचंही काम करते. टेदरिंगवर सगळं सुरळीत चाललं तर विंडोज, ब्राउझर, तारीख, सगळं ठीक आहे आणि दोष खरोखर वाय-फायच्या कार्डात किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्येच आहे.

अडॅप्टर लावणं आणि ओळखणं

टेदरिंग चालू ठेवूनच अडॅप्टर लावा. पुष्कळदा विंडोज अपडेट ड्रायव्हर स्वतःच शोधून आणतं. चार-पाच मिनिटं थांबा, घाईनं काढू नका. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये ऑप्शनल अपडेट्स असतात, तिथंही एकदा डोकवा.

आला नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये अदर डिव्हाइसेसखाली पिवळ्या त्रिकोणाची ओळ दिसेल. तिच्यावर दोनदा क्लिक करा. जनरलमध्ये कोड २८ लिहिलेला असेल तर ड्रायव्हर नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होत नाही. बहुधा ड्रायव्हर चुकीचा. कोड ४३ आला तर आधी दुसऱ्या भोकात लावून बघा, मगच अडॅप्टरला दोष द्या. नंतर डीटेल्समध्ये जाऊन यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. तिथं व्हीआयडी आणि पीआयडी असे दोन चार-चार अक्षरी संकेत असतात. पहिला कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. व्हीआयडीमध्ये ०बीडीए असेल तर रिअलटेक, १४८एफ असेल तर रॅलिंक-मीडियाटेक. उदाहरणार्थ ०बीडीए आणि ८१७९ ही जोडी म्हणजे आरटीएल८१८८ईयूएस, स्वस्त एन१५० अडॅप्टरांत हमखास सापडणारी चिप. ही जोडी कागदावर उतरवून घ्या. अडॅप्टरची खरी जन्मपत्रिका हीच.

आत्याकडे मात्र त्रिकोणच दिसेना. त्याऐवजी धिस पीसीमध्ये एक नवीनच सीडी ड्राइव्ह उगवला. मला वाटलं, दुकानदारानं पेनड्राइव्ह दिला की काय. तसं नव्हतं. काही अडॅप्टर लावल्यावर आधी सीडीचं सोंग घेतात; ड्रायव्हर त्यांच्याच पोटात असतो. तो ड्राइव्ह उघडा, आतला सेटअप चालवा. झाल्यावर सोंग उतरतं आणि वाय-फाय कार्ड समोर येतं. सेटअप चालूनही सीडीच दिसत राहिली तर त्या ड्राइव्हवर उजवी क्लिक करून इजेक्ट करा. कठीण वाटणारी गोष्ट होती ती एवढीच.

पोटात ड्रायव्हर नसेल तर अडॅप्टर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, मॉडेल आणि आवृत्ती जुळवून उतरवा. बिननावाचा अडॅप्टर असेल तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग नावाची साइट आहे. तिथं व्हीआयडी-पीआयडीची जोडी टाकून शोधलं की ड्रायव्हरची कॅब फाइल मिळते. ती एका फोल्डरमध्ये उलगडा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये अपडेट ड्रायव्हर, ब्राउज माय कॉम्प्युटर, आणि तो फोल्डर दाखवा. "तुमचे ४७ ड्रायव्हर जुने आहेत" असं ओरडणारी फुकट सॉफ्टवेअरं मात्र लांब ठेवा. मी एक उतरवलं होतं. ड्रायव्हर आला नाही, ब्राउझरला नवीन होमपेज तेवढं आलं.

जोडणी

ड्रायव्हर बसला की पंखा परत येतो. आता आतलं मेलेलं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसत असेल तर त्याला डिसेबल करा. अनइन्स्टॉल नको, कारण पुढच्या वेळी विंडोज त्याला पुन्हा उभं करतं. अर्धमेलं कार्ड आणि नवा अडॅप्टर दोन्ही चालू राहिले की आपण नक्की कोणावर जोडलेलो आहोत ते कळत नाही.

यादीत घरचं नेटवर्क निवडा, पासवर्ड टाका. इथं तीन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं: यादीत घरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसतच नाही. राउटर १०० च्या पुढच्या चॅनेलावर गेला असेल तर काही अडॅप्टरांना तो दिसत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ ३६, ४०, ४४ किंवा ४८ वर पक्कं करा. तसंच २.४ वर १२ किंवा १३ असेल तर ११ वर आणा. दुसरं: पासवर्ड बरोबर, तरी जोडत नाही. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर (वाय-फायच्या कुलपाची नवी पद्धत) ठेवलेला असतो आणि जुन्या चिपला ते येत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र असा पर्याय निवडा. जुन्या डब्ल्यूईपीवर मात्र कधी उतरू नका. तिसरं: दोन्ही पट्ट्यांना एकच नाव आहे आणि लॅपटॉप हट्टानं २.४ वरच बसतो. राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या. आत्याकडे मी ५ च्या नावापुढे "पाच" असं जोडलं, म्हणजे तिला फोनवर सांगायला सोपं.

जोडलं, पण पान उघडत नाही

वाय-फायच्या गुणधर्मांत आयपी पत्ता बघा. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं पत्ता दिलेलाच नाही. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू करा, नेटवर्क विसरायला लावून पुन्हा जोडा. पत्ता १९२.१६८ सारखा असून फक्त साइट उघडत नसतील तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ ठेवून पाहा.

आणि घड्याळ बघा. हसू नका. जुन्या लॅपटॉपच्या बोर्डावर नाण्यासारखी एक बॅटरी असते, ती संपली की लॅपटॉप बंद होताच तारीख मागे जाते. चुकीच्या तारखेवर साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं खोटी ठरतात आणि ब्राउझर प्रत्येक पानावर धोक्याची पाटी लावतो. माणूस आठवडाभर वाय-फायलाच शिव्या देत बसतो. बॅटरी बदलेपर्यंत तारीख हातानं नीट करा.

मधेच तुटत असेल तर

आत्याची खरी तक्रार ही होती. "मी समेवर येते आणि तिकडं मुलं अजून खालीत असतात. मग चित्रच थांबतं." थोडं स्पष्ट बोलायला हवं: व्हिडिओ कॉलवर दोन गावांत बसून एकत्र वाजवणं जमत नाही, आवाज पोचायला वेळ लागतोच, आणि तो वेळ कुठलाच अडॅप्टर शून्य करणार नाही. एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं ऐकून मग वाजवायचं. चित्र थांबणं मात्र बरं करता येतं.

पहिला गुन्हेगार वीजबचत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या गुणधर्मांत पॉवर मॅनेजमेंटची पट्टी असते. "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या" या अर्थाची खूण तिथून काढा. मग पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड डिसेबल करा. आत्याचा कॉल दर काही मिनिटांनी तुटायचा, तो या दोन खुणांनी थांबला.

दुसरा गुन्हेगार शेजारचं यूएसबी भोक. निळ्या जिभेचं भोक बहुधा यूएसबी ३ चं, आणि यूएसबी ३ ची तार नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते. इंटेलनं २०१२ मध्ये हे मोजून कागदावर मांडलं आहे. अडॅप्टरच्या शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावलेला असेल तर २.४ चा सिग्नल ढासळतो. म्हणूनच ती एक्स्टेन्शन केबल: अडॅप्टर लॅपटॉपपासून हातभर दूर, उंचावर जातो. एन१५० तर साध्या काळ्या यूएसबी २ भोकातच लावा. ४८० मेगाबिटची ती वाट त्याला रग्गड होते. एसी१२०० ला निळं भोक हवं असेल तर द्या, पण ५ गिगाहर्ट्झवर चालवा.

जागेचं शास्त्र फार नाही. लोखंडी कपाटामागे नको, फ्रिजमागे नको, पाण्याच्या टाकीशेजारी तर नकोच. आम्ही केबल हातात धरून माजघरात चार ठिकाणी उभे राहिलो आणि प्रत्येक ठिकाणी स्पीड टेस्ट केली. डाउनलोडपेक्षा अपलोडचा आकडा आणि पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) बघत होतो, कारण शिकवणाऱ्याचा आवाज अपलोडनं जातो. लॅपटॉपच्या कडेला नखाएवढ्या अडॅप्टरवर अपलोड जेमतेम ३ मेगाबिट होतं. दोन अँटेनांचा नवा अडॅप्टर खिडकीच्या गजाला बांधला तर तेच ३८. मधल्या भिंतीला दार होतं, आणि गजापासून राउटरपर्यंत त्या दारातून सरळ रेघ जात होती. एवढंच कारण.

लिनक्सवाल्यांसाठी

टर्मिनलमध्ये एल-एस-यू-एस-बी ही पाच अक्षरं सलग, लहान लिपीत टाइप करा. तीच आयडीची जोडी दिसेल. मीडियाटेकच्या एमटी७६०१यू, एमटी७६१०यू, एमटी७६१२यू या चिपांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असल्यानं त्या लावल्या की चालतात. लिनक्ससाठी नवीन घ्यायचा असेल तर डोळे झाकून मीडियाटेक घ्या. रिअलटेकच्या ८८२१सीयू आणि ८८२२बीयूसारख्या चिपांना कर्नल ६.२ पासून आधार मिळाला. त्याआधीचं कर्नल असेल तर ते अद्ययावत करणं हे बाहेरून ड्रायव्हर बांधत बसण्यापेक्षा शहाणपणाचं. आयडी ०बीडीए आणि १ए२बी अशी दिसली तर अडॅप्टर अजून सीडीच्या सोंगात आहे. फाइल मॅनेजरमधून इजेक्ट करा.

काम झाल्यावर ड्रायव्हरचा फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा. विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली की हीच कसरत नव्यानं नको. आयडीची चिठ्ठी मी आत्याच्या लॅपटॉपच्या पोटाला चिकटवली. अडॅप्टर अजून खिडकीच्या गजालाच आहे, तंबोऱ्याच्या जुन्या तारेनं बांधलेला. धातूची तार अँटेनाला नको म्हणून मी सुतळी आणली, तर आत्या म्हणाली, "चालतंय ना? मग हात लावू नकोस." अँटेना तारेच्या वरच आहेत, म्हणून मीही सोडून दिलं.